पायलचा लांबलचक प्रोग्रॅम

"बेटा, इथं हे 'डेफ' लिहिलंय, ते काय काम करतं?"

परीक्षक सरांनी पायलला विचारलं आणि पायलनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या टेबलाच्या बाजूलाच उभी होते, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. उत्तर मला येत होतं. ती ओळ मीच लिहिली होती. मी मान खाली घातली आणि ओळखपत्राची दोरी सरळ करू लागले.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, पवनीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. टेबलावर एक घमेलं होतं. त्यात चिखल, चिखलात उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची कोवळी रोपं. मधोमध बांबूची काडी रोवलेली. काडीवर वर, मध्ये आणि खाली असे खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्यापासून एक वायर निघालेली. या सगळ्या वायरी जिथं जात होत्या तो बोर्ड माझ्या नोकरीचा विषय आहे.

आधी तो सांगते. हा बोर्ड पत्त्याच्या पानापेक्षाही लहान असतो. त्यावर बारीक लाल दिवे, दोन बटणं, एक छोटा स्पीकर आणि कडेला वायर जोडायच्या जागा. त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही. प्रोग्रॅम लॅपटॉपवर लिहायचा आणि केबलनं बोर्डात पाठवायचा. मग केबल काढली तरी बोर्ड ते काम करत राहतो. एका वेळी त्यात एकच प्रोग्रॅम राहतो. नवा पाठवला की जुना पुसला जातो.

प्रोग्रॅम लिहायच्या दोन भाषा आहेत. एक ब्लॉक्सची. स्क्रीनवर रंगीत तुकडे असतात, त्यांवर मराठीत लिहिलेलं असतं: 'सारखं करत राहा', 'जर', 'थांबा', 'दिवे दाखवा'. ते एकाखाली एक अडकवत जायचं. दुसरी पायथन. ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. एक विरामचिन्ह राहिलं तरी बोर्ड काहीच करत नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये जी वापरतात तीच ही. आमच्या ऑफिसच्या स्लाइडवर ब्लॉक्सकडून पायथनकडे जाणारा एक हिरवा बाण आहे. बाणावर 'प्रगती' असं लिहिलं आहे.

मी भंडाऱ्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, वर्गात इंग्रजी. दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं ते थोडं याच कारणानं, की त्यात माणसांशी कमी बोलावं लागेल. आणि नोकरी मिळाली मुलांना शिकवायची. संस्था नागपूरची, माझ्याकडे पवनी तालुक्यातल्या काही शाळा. पायलची शाळा आसगावच्या पुढच्या एका खेड्यात आहे. तिथले विज्ञानाचे हटवार सर इतके बोलतात, की मी कमी बोलते हे तिथं कुणाच्या लक्षात येत नसे.

शाळेला आम्ही जे किट देतो ते कायमचं नसतं. एका पेटीत काही बोर्ड, वायरी आणि एक जुना लॅपटॉप. वर्ष संपलं की पेटी दुसऱ्या शाळेत जाते. यंदा माझे बॉस मोहित सर फोनवर म्हणाले होते, "ज्या शाळेचा प्रोजेक्ट जिल्ह्याला जाईल, तिचं किट तिथंच ठेवू. फंडरला काहीतरी रिझल्ट दाखवायला लागतो ना." फंडर म्हणजे संस्थेला पैसे देणारे.

मी हे हटवार सरांना सांगितलं. हटवार सरांनी आठवीच्या वर्गात सांगितलं. त्या दिवसापासून पेटी पायल स्वतः पुसू लागली.

पायल मेश्राम. तिच्या घरी थोडी धानाची शेती. पऱ्ह्यांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, पाणी किती आहे हे पाहायला शाळा सुटल्यावर तिलाच जावं लागायचं. मी पहिल्यांदा विचारलं, "हा विषय कसा सुचला?" तर ती म्हणाली, "मॅडम, पाणी पाह्यले जाचा कंटाळा येते, मून." परीक्षकांसमोर असं म्हणू नको, असं हटवार सरांनी तिला बजावलं होतं.

कल्पना साधी होती. पाणी वरच्या खिळ्याला लागलं तर जास्त आहे, मधल्याला लागलं तर बरोबर, फक्त खालच्याला लागलं तर कमी. एकालाही लागलं नाही तर स्पीकर वाजवायचा. तिनं हे ब्लॉक्समध्ये लिहिलं होतं आणि ते चालत होतं. फक्त प्रोग्रॅम फार लांब होता. स्क्रीन खाली सरकवत जावी आणि तुकडे संपूच नयेत. पहिल्या खिळ्यासाठी जे तुकडे, तेच पुन्हा दुसऱ्यासाठी, तेच तिसऱ्यासाठी. प्रत्येक तुकड्यानंतर 'थांबा'. पाणी उतरल्यावर स्पीकर वाजायला इतका वेळ लागायचा, की प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार लोकेश म्हणायचा, "मॅडम, इचा प्रोग्रॅम संपेपर्यंत धान निसवते." निसवणं म्हणजे लोंब्या बाहेर येणं.

"तुह्या त लाइटच लागत नाही, चूप राय," पायल म्हणायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी शेवटची तयारी पाहायला गेले. सकाळीच मोहित सरांचा फोन आला होता. "एक फोटो पाहिजे. मुलगी, बोर्ड आणि स्क्रीनवर पायथन. ब्लॉक्स नको, ते खेळण्यासारखे दिसतात."

"सर, ती मुलं ब्लॉक्समध्येच करतात."

"अगं, बटण दाबलं की पायथन दिसतं ना?"

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. ती ब्लॉक्सचं पायथन करून दाखवते. मी शाळेत जाऊन बटण दाबून पाहिलं. पायलच्या लांब प्रोग्रॅमचं लांब पायथन झालं. वाईट दिसत होतं. दुपारची सुट्टी झाली होती आणि मुलं खिचडी खायला व्हरांड्यात बसली होती. वर्गात मी एकटीच होते.

आमच्या कामात रिफॅक्टर नावाचा एक प्रकार असतो. प्रोग्रॅमचं काम तेच ठेवायचं, आतली मांडणी सुधारायची. जे तीनदा लिहिलं आहे ते एकदाच लिहून त्याला नाव द्यायचं आणि लागेल तिथं त्या नावानं बोलवायचं. 'डेफ' म्हणजे तेच, नाव देणं. चांगला प्रोग्रॅमर हे करतोच. मला ते आवडतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

पायलला बोलावून, शेजारी बसवून, "हे तीनदा का लिहिलंस, एकदा लिहून बघू या का," असं विचारता आलं असतं. त्यासाठी तिचं ऐकावं लागलं असतं, समजावून सांगावं लागलं असतं, कदाचित ती हिरमुसली असती आणि मग मला काहीतरी बोलावं लागलं असतं. मी ते टाळलं. मी स्वतः लिहून टाकलं. खिचडी संपायच्या आत नवा प्रोग्रॅम तयार झाला. एका स्क्रीनवर मावेल एवढा. घमेल्यातलं पाणी कमी करून पाहिलं. स्पीकर लगेच वाजला. खरं सांगते, मला फार छान वाटलं.

पायलचा प्रोग्रॅम मी पुसला नाही. माझ्या लॅपटॉपवर जुन्याची कॉपी ठेवते, ही सवय आहे. पण बोर्डात माझा गेला.

मुलं हात धुऊन आली. पायल स्क्रीनपाशी आली आणि थांबली.

"मॅडम, माह्ये निळे डब्बे कुठी गेले?"

दिवे दाखवायचे तुकडे निळे असतात. ती त्यांना डब्बे म्हणायची.

"आतच आहेत. मी थोडं छोटं केलं. काम तेच करतं."

तिनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, मॅडम."

हटवार सर मागून आले. "वा! आता कसं, कंपनीतल्यासारखं दिसून राहिलं. पायल, पाह्य, याले म्हणते प्रोग्रॅम."

मी तिला समजावून सांगितलं. घाईत, उभ्यानं. ही ओळ म्हणजे हे, ती ओळ म्हणजे ते. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती. अशी मान हलवत मी माझी सगळी शाळा काढली आहे. ती मान मला ओळखता यायला हवी होती. मी फोटो काढला. पायल, हातात बोर्ड, मागं स्क्रीनवर पायथन. मोहित सरांना पाठवला.

आता पुन्हा हॉलमध्ये.

"हे तू लिहिलंस?" परीक्षक सरांनी विचारलं. ते एका ज्युनिअर कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. आवाज चांगला होता, रागाचा नव्हता.

सरांनी वाट पाहिली. मी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"नाही सर," पायल म्हणाली. "डब्ब्यातच होतं."

"डब्ब्यात म्हणजे?"

"किटमधी. आधीपासूनच होतं."

"म्हणजे तयार प्रोग्रॅम आहे. तू फक्त वायरी जोडल्या."

"हो सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं कुणीतरी पवनचक्की आणली होती. हटवार सर माझ्याजवळ आले. नेहमी बोलणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन शब्द..." आणि थांबले. "जाऊ द्या." लोकेशला पाणी आणायला पाठवून ते स्वतःच त्याच्या मागं गेले.

मी पायलजवळ गेले. ती घमेल्याच्या काठावरचा चिखल बोटानं पुसत होती.

"तू असं का सांगितलंस?"

"काय सांगू मंग?"

"माझं नाव सांगायचं होतंस."

तिनं मान वर केली नाही. "तुमी खाली पाह्यलं ना. मंग मी समजली, की नाव नाही घ्याचं."

ती समजूत काढल्यासारखी पुढं म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं त तुमालेच रागावलं असतं त्यायनं. मंग तुमी आमच्या शाळेत येनं बंद केलं असतं."

अठरा-वीस टेबलांचा हॉल होता, सगळीकडे मुलं पाठ केलेलं बोलत होती. त्या आवाजात मी उभी होते आणि मला माझ्या ओळखपत्रावरचा हुद्दा दिसत होता. त्यावर 'मेंटॉर' असं छापलं आहे.

परीक्षक सर हॉलच्या मागं चहा घेत होते. मी तिथपर्यंत गेले आणि तोंडातून इंग्रजी निघालं. घाबरले की माझं तसं होतं.

"मराठीत सांगा ना," ते म्हणाले. "इथं कोण साहेब बसलाय?"

मी सांगितलं. नीट वाक्यं जुळत नव्हती. तिचा प्रोग्रॅम होता, तो लांब होता, मी छोटा केला, किटमध्ये काही तयार नव्हतं, ती माझ्यासाठी खोटं बोलली.

त्यांनी चहा खाली ठेवला. "म्हणजे मुलीचं होतं ते तुम्ही काढलं, तुमचं टाकलं, आणि उत्तरं द्यायला तिला उभं केलं."

त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"हो सर."

"मी मघाशी विचारत होतो तेव्हा तुम्ही तिथंच होत्या."

"हो."

"तेव्हा बोलल्या असत्या तर मी तिथंच तिला म्हटलं असतं, की तुझा दाखव." त्यांनी कप बाजूला सारला. "आता गुणांची शीट ऑफिसात गेली. मी बदलणार नाही. बदललं तर बाकीची पोरं म्हणतील, आमची मॅडमही येऊन रडली असती." मग उठले. "पण तिचावाला आहे का तुमच्याजवळ? मले पाहाचा आहे."

लॅपटॉप पिशवीतच होता. मी जुना प्रोग्रॅम बोर्डात पाठवला. निळे, हिरवे तुकडे स्क्रीनवर उघडले आणि पायल टेबलाच्या मागून निघून स्क्रीनच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

"सांग," सर म्हणाले.

लोकेशनं मगानं पाणी काढायला सुरुवात केली. पायलनं पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे, सारखं करत राहा. म्हंजे दिवसभर. हे इचारते, वरचा खिळा ओला हाय का. नाही. मंग थांबते. आता मधला इचारते. थोही नाही. पुन्हा थांबते."

"अजून थांबते," लोकेश म्हणाला.

"तू पाणी काढ."

तिचं बोट खाली सरकत होतं, मी स्क्रीन सरकवत होते. घमेल्यातलं पाणी संपून चिखल उघडा पडला तरी बोर्ड शांत होता. सर कमरेवर हात ठेवून वाट पाहत होते. शेजारच्या पवनचक्कीवाली मुलंही येऊन उभी राहिली. शेवटी पायल म्हणाली, "आता," आणि स्पीकर वाजला. पवनचक्कीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढं थांबवते काहून गं?" सरांनी विचारलं.

"सर, मले तेवढंच येत होतं."

सर मोठ्यानं हसले. पायलही हसली. त्या पूर्ण लांबीत एकही तुकडा असा नव्हता की ज्यावर बोट ठेवून ती गप्प राहिली असती. माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एकही ओळ अशी नव्हती की जिच्यावर ती बोलू शकली असती.

सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. संध्याकाळी निकाल लागला. पायलचं नाव त्यात नव्हतं. पवनचक्की जिल्ह्याला गेली. घमेलं परत नेताना त्यातले पऱ्हे उपटून पायलनं ओल्या फडक्यात बांधून घेतले. "लावता येते हे," म्हणाली. पेटी तिनं स्वतः उचलली. ती पेटी आता दुसऱ्या शाळेत जाणार हे तिला कळलं होतं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी एकदाच ओशाळले असते.

पुढच्या आठवड्यात मोहित सरांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "अगं, तो फोटो! फंडर एकदम खूश. आम्ही अपडेटमध्ये टाकला होता. खाली लिहिलं, खेड्यातली मुलगी पायथनमध्ये धानाच्या पाण्याचा प्रोग्रॅम लिहिते. ते म्हणाले, त्या शाळेचं किट हलवू नका."

मी खुर्चीवर बसले. "सर, ते तिनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं आहे."

"बरं. पण तुझ्या ट्रेनिंगमधून आलं ना?"

"नाही सर. तिला ते येत नाही. तिला ब्लॉक्स येतात. चांगले येतात. आपण तसं लिहू या ना."

मग मोहित सर म्हणाले, "लिहितो. आत्ता मेल करतो, की फोटो चुकीचा होता. मग किट कशावर ठेवू, ते तू सांग."

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पेटी पुसणारी पायल आली. मी म्हटलं, "बरं, सर."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पायलनंही स्क्रीनकडे बघून अगदी असंच म्हटलं होतं.

त्यानंतर त्या शाळेत जाताना मी वाटेत दोनदा गाडी थांबवली. पेटी जागेवर होती. शाळेच्या ऑफिसच्या भिंतीवर हटवार सरांनी तो फोटो रंगीत प्रिंट काढून लावला होता. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किट राहिलं ना? मग फोटो राहू द्या." फोटो मला दिसू नये म्हणून मी वर्गात जाऊन बसले.

पायल आली. "मॅडम, थे फोटोतलं मले शिकवा."

"तुझं ब्लॉक्सचं पुढं करू या ना. ते 'थांबा' कमी करू."

"थे नंतर. पयले हे. जो पाहुणा येते थो फोटोजवळ उभा करते अन् म्हनते, वाच बरं." ती चिडली होती. माझ्यावर की पाहुण्यांवर, कळेना. "माह्या मागं लिवलं हाय त मले आलं पायजे का नाही?"

आम्ही बसलो. मी सवयीनं लॅपटॉप माझ्यासमोर ओढला. तिनं तो स्वतःकडे ओढला.

"तुमी नका लिवू. तोंडानं सांगा."

तोंडानं सांगणं मला जमत नाही. पण सांगितलं. 'डेफ' म्हणजे नाव देणं. तिनं विचारलं, "कोनाचं नाव?" मी म्हटलं, "तीन खिळ्यांना तेच तेच विचारतेस ना, त्या विचारण्याचं." तिनं विचार केला. एका बोटानं टाइप केलं. मी दिलेलं इंग्रजी नाव खोडून तिथं 'ola_ka' असं लिहिलं. ओळीच्या शेवटचं चिन्ह राहिलं. बोर्डानं काहीच केलं नाही. माझा हात उठला. तिनं हाताकडे पाहिलं. मी तो मांडीवर ठेवला आणि वर दुसरा ठेवला. तिला ते चिन्ह सापडेपर्यंत शाळेची घंटा झाली.

तेव्हापासून मी मुलांच्या कीबोर्डला हात लावत नाही. माझ्या शाळांमधलं काम आता फार हळू चालतं आणि मोहित सर दर महिन्याला त्याचं कारण विचारतात. मी कारण सांगते. तेवढं बोलायला शिकले आहे.

फोटो भिंतीवर आहे. त्यातली पहिली ओळ पायलला येते, दुसरी बहुतेक येते. बाकीच्या येईपर्यंत तो फोटो खोटा आहे आणि तो मी काढलेला आहे.